हाकेला ओ

यामलच्या फाईलमध्ये सर्वांत जास्त काय असतं, तर रिकामी जागा. ओळीच्या आरंभी सोडलेल्या दोन स्पेस, खालच्या ओळीत चार, मग सहा, आणि त्या उतरत जाणाऱ्या पायऱ्यांवर एकेक करून टेकलेले शब्द: रूट, फ्रॉम, स्टेप्स, टू. महिरपी कंस नाहीत, अर्धविराम नाहीत, कोण कुणाच्या पोटातलं आणि कोण कुणाच्या बरोबरीचं हे त्या कोऱ्या पट्टीवरूनच उमगायचं. 2001 साली ही भाषा घडवणाऱ्यांनी इंडेंटेशनमधून टॅबला बाहेर ठेवलं, कारण एकच टॅब एका एडिटरात चार घरं चालतो आणि दुसऱ्यात आठ. कोरेपणाचीही इतकी काळजी घ्यावी लागते.

पलीकडच्या तीरावर जावा. 1995 पासून ती सगळं मोठ्यानं सांगत आली आहे: मी कोण, कुठल्या पॅकेजातली, माझ्या हातात आकडा आहे की अक्षरं. या दोन स्वभावांच्या मधोमध अपाची कॅमल उभा असतो. ग्रेगर होपे आणि बॉबी वुल्फ यांनी 2003 च्या पुस्तकात निरोप पोचवण्याच्या 65 रीती मांडल्या, आणि 2007 मध्ये आलेल्या कॅमलनं त्या रीती पाठीवर घेतल्या: निरोप फोडावा, जुळवावा, आतला मजकूर पाहून त्याला वेगळ्या वाटेला लावावं. तयार कंपोनंट तीनशेच्या वर आहेत. तरीही एखादं जुनं यंत्र असं भेटतं की त्याची बोली त्यांतल्या कुणालाच येत नाही. मग जावात स्वतःचा कंपोनंट लिहायचा, आणि यामलच्या एका ओळीत त्याचं नाव घ्यायचं.

नाव घेणं म्हणजे हाक. वाड्याच्या दिंडीशी उभं राहून कुणी हाक मारावी, आणि ज्याला मारली तो माजघरातच असावा, पण सारा वाडा त्याला दुसऱ्याच नावानं ओळखत असावा, तसं इथं पुष्कळदा होतं. कॅमल आधी आपल्या रजिस्ट्रीत पाहतो, या नावाचं कुणी आहे का. नसेल तर जारच्या आत शिरतो, मेटा-इन्फ, त्यात सर्व्हिसेस, त्यात ऑर्ग, अपाची, कॅमल, कंपोनंट, अशा एकात एक खोल्या उघडत जातो आणि शेवटच्या खोलीत हाकेच्याच नावाची एक फाईल शोधतो. तिला एक्स्टेन्शन नाही. आत एकच ओळ, क्लासचा पूर्ण पत्ता. साऱ्या इंटिग्रेशनचा भार त्या एका ओळीवर.

एका दुपारी मी लिहिलेल्या कंपोनंटकडून ओ आली नाही. बाहेर आषाढाचा उजेड राखाडी होऊन काचेवर साचला होता, आणि लॉगमध्ये एकच वाक्य पुन्हापुन्हा उमटत होतं, की या स्कीमचा, म्हणजे हाकेतल्या नावाचा, कंपोनंट सापडत नाही. यामल सरळ होतं. युनिट टेस्ट हिरव्या होत्या. जार उघडला, क्लास जागेवर होता. त्याचे बाइट हेक्समध्ये पाहिले तर जावाच्या प्रत्येक क्लास फाईलच्या तोंडी असतात तीच अक्षरं पहिल्या चार बाइटांत झळकत होती, कॅफे बेब. ती ओळ असलेली फाईल होती, तिच्यातला पत्ता अक्षर न् अक्षर बरोबर होता. सगळं होतं.

मी पुन्हा जारमधली यादी काढली, आणि या वेळी नावं सोडून नावांमधल्या खुणा वाचत गेले. मेटा-इन्फ आणि सर्व्हिसेस यांच्यामध्ये तिरकी रेघ हवी होती. तिथं टिंब होतं. आयडीई एकात एक असलेली रिकामी फोल्डरं टिंबांनी जोडून एका ओळीत दाखवतो, त्यामुळे ‘मेटा-इन्फ टिंब सर्व्हिसेस’ असं नाव दिलेलं एकच फोल्डर आणि खरोखर एकात एक असलेली दोन फोल्डरं पडद्यावर जुळ्यांसारखी दिसतात. कॅमल मात्र पडदा पाहत नाही. तो रस्त्यानं चालतो, आणि तिथं रस्ताच नव्हता. किती वेळ मी त्या टिंबाकडे पाहत राहिले! त्याच्या अलीकडचं सगळं खरं, पलीकडचंही खरं, आणि मधला सांधा तेवढा नुसता दिसण्यापुरता.

स्टॅक ट्रेसला लोक शिव्या देतात, ते मला पटत नाही. इतकं प्रामाणिक गद्य फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळतं. तो तळापासून वाचावा. सर्वांत खालच्या ‘कॉज्ड बाय’पाशी दुखणं असतं, वरच्या ओळी म्हणजे ते दुखणं एकानं दुसऱ्याला कळवत नेल्याचा माग. शब्दही तोलून वाचावेत: ‘क्लास नॉट फाउंड’ म्हणजे नाव घेऊन शोधलं आणि मिळालं नाही, ‘नो क्लास डेफ फाउंड’ म्हणजे बहुधा कम्पाइल करताना जो सोबत होता, तो चालताना उरला नाही. दोन्ही विरहच, पण दुसरा अधिक बोचतो. क्लास 61 व्या आवृत्तीचा, म्हणजे जावा 17 चा, आणि सर्व्हरवर अजून 55 पर्यंतच वाचणारी जावा 11, असंही घडतं. यामलच्या जुन्या 1.1 नियमांनी चालणाऱ्या वाचकाला नॉर्वेचा ‘एनओ’ हा संकेत नकार वाटतो आणि एक अख्खा देश ‘फॉल्स’ होऊन जावाच्या हाती पडतो. 2009 च्या 1.2 नं ते सुधारलं, पण जुने वाचक अजून नांदत आहेत.

फोल्डरं नीट केली, जार नव्यानं बांधला, रूट पुन्हा सुरू केला. लॉग सरसर खाली धावला आणि लाल होऊन थांबला. पण वाक्य बदललं होतं! एंडपॉइंटवर एक पॅरामीटर बसवता आला नाही, अनोळखी पॅरामीटर टाइमआउट. म्हणजे कंपोनंट सापडला होता, उठून दारापर्यंत आला होता, आणि आता विचारत होता की ही टाइमआउट नावाची वस्तू घेऊन मी ठेवू कुठं. मी एंडपॉइंटची जावा फाईल उघडली आणि सेटर शोधू लागले.