आता काय ओ बाई?

मे महिन्यात नरसोबाच्या वाडीत मोठ्यांना पोरांकडे बघायला सवड नसते. शाळांना सुट्टी लागली की दत्तदर्शनाची गर्दी, पेढे-बासुंदीच्या दुकानांत घरातले सगळे हात गुंतलेले. मग तीन ते सहा वर्षांची पोरं माझ्या पडवीत. अंगणवाडीतून निवृत्त झाले तरी हा उन्हाळी वर्ग काही सुटला नाही.

गाणी, गोष्टी, मातीकाम यांचं मला कधी ओझं वाटलं नाही. मला छळते ती एक खेळ संपून दुसरा सुरू होईपर्यंतची फट. चिंचोक्यांची रांग लावून होते, कुणीतरी मान वर करतं, "आता काय ओ बाई?" दुसरा उठतो, तिसरा त्याला ढकलतो, रंगलेली पडवी बघता बघता विस्कटते. ही फट बुजवण्यात माझी सारी नोकरी सरली. खवा आटवताना हात थांबला की करपतो, पोरांचंही तसंच, असं नव्या सेविकांना मी ठासून सांगायचे.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. पुढच्या खेळाचा डबा फडताळात आणि मी जमिनीवर, भिंतीला धरून उठेपर्यंत फट चांगलीच रुंदावलेली. तेवढ्यात चार वर्षांची एक पोर चिंचोके लोटीतून वाटीत, वाटीतून ताटात ओतायला लागली. ताटात आवाज मोठा येतो हे कळल्यावर पुन्हा पुन्हा ओतले. मग लोटी ताटाला टेकवून, आवाज न होऊ देता. दोघं जवळ सरकले. एकानं पाट मांडला, चिंचोक्यांचा अभिषेक सुरू झाला आणि एक जण पुजारी होऊन बाकीच्यांना ओरडू लागला, "चला, पुढं सरका!"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बसून राहिले, तर एकानं दुसऱ्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. थांबायचं किती? आता मी हात बघते. मान वर झाली तरी हात वस्तूवर असेल तर थांबते. दोन्ही हात रिकामे दिसले की उठते. पण गप्प बसून नुसतं कंटाळणारं पोर या हिशेबात सापडत नाही. त्याच्यावर अजून तोड नाही.

खरं सांगू? खेळ माझ्यावाचून रंगला तेव्हा आनंदाआधी मला राग आला. सगळ्यांनी माझ्याकडेच बघावं ही हौस काही नोकरीबरोबर निवृत्त झाली नाही. बाई दिसल्या नाहीत तर पोर रडतं, हे आयांकडून ऐकायला अजूनही गोड लागतं.

आता आसपासच्या गावांत समर कॅम्पचे फलक लागतात. तासाला नवा कार्यक्रम, शेवटी प्रमाणपत्र. बोटं नीट वळत नाहीत त्या वयात वर्कशीट! तिथं फट म्हणून ठेवतच नाहीत. खरं तर या वयाला एवढ्या सामानाची गरजच नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. आजूबाजूला मिळेल त्यातून त्यांनी साधनं उभी केली. हे मी प्रशिक्षणात घोकलं होतं. पटलं मात्र २०१९ च्या पुरानंतर. तक्ते भिजून लगदा झाले, ठोकळे फुगले, आणि पोरं तर दारात येऊन उभी. तेव्हापासून चिंचोके, करवंट्या आणि नदीकाठची माती यांवर माझं भागतं. माती मी घरी आणते. पोरांना घाटावर नेत नाही, उन्हाळ्यात पाणी कमी असलं तरी.

दुकानदार आईबापांना एवढंच सांगणं आहे. गल्ल्याशेजारी पोराला बसवायचंच असेल तर हातात मोबाइल देऊ नका. एक लोटी, एक ताट आणि ओंजळभर चिंचोके द्या, आणि त्यानं विचारल्याशिवाय काही सुचवू नका. तीन वर्षांच्या आतलं असेल तर चिंचोक्यांऐवजी पाणी द्या आणि जवळच बसा. ते सगळं तोंडात घालतं.