भुलीनंतरचे चार दिवस

फजरच्या वुजूसाठी उठलेली अम्मी मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७६. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या, म्हणून मणक्यात इंजेक्शन न देता पूर्ण भूल द्यायचं ठरलं. भाईजान मस्कतला. त्यामुळे संमतीपत्रावर सही मी केली. वर्गात मुलांना रोज सांगते, "प्रश्न नीट वाचा, मग लिहा." त्या दिवशी मी स्वतः मात्र न वाचताच सही केली.

भूलतज्ज्ञ म्हणाले होते, श्वासासाठी नळी घालतात म्हणून घसा दुखेल, मळमळेल, थंडी वाजेल. सगळं तसंच झालं आणि संध्याकाळपर्यंत ओसरलंही. अम्मीने चहा मागितला. मी भाईजानला कळवलं, "अलहमदुलिल्लाह, सगळं ठीक आहे."

दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास अम्मीने सलाईनची सुई ओढून काढली. "मेरेकू घर जाना है. अम्मा कू बुलाओ." तिची अम्मा जाऊन चाळीस वर्षं झाली. भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून ती हात झटकत होती. मी जवळ गेले तर ओरडली, "ही माझी मुलगी नाही. हिने माझ्या बांगड्या नेल्या." वॉर्डातले सगळे जागे होऊन माझ्याकडे बघत होते.

उर्दूत याला हिज़यान म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं 'वातात बडबडतोय' म्हणतात. शब्द मला दोन्ही भाषांतले ठाऊक होते. पण आपल्या आईच्या तोंडून ते ऐकताना ते शब्द काही कामाला आले नाहीत.

सकाळी खाला आल्या. त्या म्हणाल्या, "असर झालाय. गोळ्या बंद करा, मौलानांना बोलवा." भाईजान फोनवर म्हणाला, "तू सही केलीस ना?" ते वाक्य अजून टोचतं.

डॉक्टरबाईंनी मला बाजूला बसवून समजावलं. म्हातारपणी मोठ्या ऑपरेशननंतर, बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत, असा भ्रम होऊ शकतो. त्याला एकटी भूल जबाबदार नसते. हाड मोडल्याचा आणि ऑपरेशनचा शरीराला बसलेला धक्का, वेदना, मोडलेली झोप, कमी पाणी, रक्तातलं सोडियम घसरणं, लघवीच्या नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग, अनोळखी जागा, हे सगळं मिळून मेंदू गोंधळतो. "मणक्यातून भूल दिली असती तर?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, फारसा फरक पडला नसता. मी नंतर वाचलं. खुब्याचं हाड मोडलेल्या १६०० रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही प्रकारच्या भुलीनंतर साधारण पाचातल्या एकाला असा भ्रम झाला होता. भाईजानला मी ते पाठवलं. त्याने उत्तर दिलं नाही, पण 'सही' हा शब्द पुन्हा काढला नाही.

उपाय ऐकून मला नवल वाटलं. रक्त-लघवी तपासली, वेदनेचं औषध नीट दिलं, लघवीची नळी लवकर काढली. झोपेची गोळी मात्र दिली नाही, कारण तिने गोंधळ वाढू शकतो. आणि आम्हाला सांगितलं, "त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन कुठंय? आधी ते लावा." ते माझ्या पर्समध्ये होतं! ऑपरेशनला नेताना सिस्टरने चष्मा, मशीन, कवळी आणि हातातल्या दोन बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या होत्या. म्हणजे दोन दिवस अम्मीला नीट दिसत नव्हतं, नीट ऐकू येत नव्हतं. आणि बांगड्या मी खरोखरच नेल्या होत्या.

मग खाटेवरून दिसेल असं घड्याळ लावलं. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. दर थोड्या वेळाने सांगायचं, "अम्मी, आज गुरुवार, हा दवाखाना, पायाचं ऑपरेशन झालंय." वाद घालायचा नाही, बांधून ठेवायचं नाही. डॉक्टर म्हणाल्या, ओळखीचा आवाज हवा. तेव्हा मी खालांनाच उशाशी बसवलं. गोळ्या बंद करू दिल्या नाहीत, पण त्यांचं हळू आवाजातलं यासीन पठण चालू राहिलं. अम्मी त्या आवाजाने शांत व्हायची. आमचं भांडण तिथेच मिटलं.

ऑपरेशनच्या सहाव्या दिवशी सकाळी अम्मीने घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "तुला आज शाळा नाही का?"

बहुतेकांचा हा भ्रम काही दिवसांत उतरतो. काहींना मात्र विसरभोळेपणा महिनोन्‌महिने राहतो. म्हणून घरात कुणा वडीलधाऱ्यांचं ऑपरेशन असेल तर आधीच विचारा. आधी विसरभोळेपणा असेल, रोजच्या गोळ्या असतील, तर लपवू नका. चष्मा-मशीन शुद्धीवर येताच परत लावा. रात्री घरचं माणूस जवळ ठेवा.

घरी आल्यावर अम्मीला दोन काळज्या होत्या. पहिली, चार दिवसांच्या नमाजांची. भान हरपलेल्यावर बंधन नसतं, हे तिला मौलानांनीच समजावलं. दुसरी, "मी काही वाईट बोलले का?" मी आधी टाळलं, मग बांगड्यांचं सांगितलं.

तिच्या सहा बांगड्या होत्या. त्यातल्या चार विकून माझ्या बीएडची फी भरली होती. कमी पडलेले पैसे मी शिकवण्या घेऊन उभे केले होते. वीसेक वर्षांत घरात हा विषय निघाला नव्हता. मला वाटलं, मनात राहून गेलेलं दुःख बाहेर आलं असेल.

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दोन मी लपवून ठेवल्या होत्या. तू रात्री शिकवण्या घेऊन यायचीस तेव्हा वाटायचं, त्याही द्यायला हव्या होत्या."

मी पर्समधून त्या दोन बांगड्या काढल्या आणि तिच्या हातात घातल्या. हात इतका वाळला होता की त्या थेट कोपरापर्यंत सरकल्या.