बावीस वर्षांचे आजोबा

बालमित्रांनो, ‘बेंजो’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गणपतीची मिरवणूकच येणार. पुढे ढोल-ताशे, मागे कर्णे लावलेली गाडी, अन् त्या गाडीत बसून एका हातानं बटणं दाबत, दुसऱ्या हातानं तारा छेडत धडाक्यात गाणं वाजवणारा बेंजोवाला! आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचं खरं नाव बुलबुल तरंग. जपानमधल्या नागोया शहरात १९१२ साली ‘ताईशोगोतो’ नावाचं वाद्य तयार झालं, त्याचा हा आपल्याकडचा भाऊबंद.

पण आज मी तुम्हांला दुसऱ्याच एका बँजोची गोष्ट सांगणार आहे. हा बँजो अमेरिकेतला. अन् तो वाजवणाऱ्या एका गंमतीदार माणसाची ही गोष्ट आहे. तो माणूस वयाच्या बाविसाव्या वर्षी आजोबा झाला! हसलात ना? माझ्या वर्गातली मुलंही अशीच हसली होती.

आधी वाद्याची ओळख करून घेऊ. लाकडी कड्यावर डफासारखं कातडं ताणून बसवायचं, त्याला लांब दांडी जोडायची आणि वरून तारा ओढायच्या. जुन्या पद्धतीच्या बँजोला पाच तारा असतात. त्यातली पाचवी तार मोठी लबाड! बाकीच्या चार तारा दांडीच्या टोकापर्यंत जातात आणि ही मात्र अर्ध्या वाटेतच खुंटीला अडकते. ती आखूड तार अंगठ्यानं छेडायची. ती एकच सूर धरून बसते, आपल्या तंबोऱ्यासारखी. बोटाच्या नखाची पाठ वरून खाली तारेवर मारायची, आणि मध्येच अंगठ्यानं ती आखूड तार ‘टिंग’ करायची. त्यातून घोड्याच्या दुडक्या चालीसारखा ठेका तयार होतो. ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलायला लागतो.

या वाद्याचं मूळ अमेरिकेत नाही बरं का! पश्चिम आफ्रिकेतून ज्या माणसांना गुलाम करून, साखळ्या घालून जहाजांतून नेलं, त्यांनी हे वाद्य आठवणीतून पुन्हा घडवलं. सुरुवातीला ते भोपळ्याला कातडं लावून केलेलं असे. त्यांच्या हातातलं काहीही त्यांच्याजवळ राहू दिलं नव्हतं. डोक्यातलं संगीत मात्र कुणाला काढून घेता आलं नाही. पुढे हेच वाद्य गोऱ्या शेतकऱ्यांच्या, डोंगरातल्या खेड्यांतल्या लोकांच्या हाती आलं.

तर आता आपली गोष्ट. अमेरिकेच्या केंटकी राज्यात नायग्रा नावाचं एक खेडं आहे. तो प्रसिद्ध धबधबा नव्हे, बरं का, हे नुसतंच खेडं! तिथे २० ऑक्टोबर १९१३ रोजी लुई मार्शल जोन्स जन्मला. दहा भावंडांतलं हे शेंडेफळ. वडील दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसायचे आणि सवड मिळाली की फिडल, म्हणजे तिकडचं व्हायोलिन, वाजवायचे. आई जुनी लोकगीतं म्हणायची. घरात पैसा बेताचा, पण गाणी भरपूर.

पुढे हे कुटुंब ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात गेलं. तिथे १९२९ साली पोरगेल्या लुईनं एका गायनस्पर्धेत पहिला नंबर मिळवला. बक्षीस होतं ५० डॉलर. त्या पैशांतून त्यानं काय घेतलं असेल? एक चांगली गिटार! मग तो रेडिओवर गाऊ लागला. त्याला रेडिओवर म्हणायचे, ‘जुनी गाणी गाणारा तरुण गायक’. आईच्या तोंडची गाणी तो सोडायला तयारच नव्हता.

१९३५ साली तो बॉस्टन शहरात ब्रॅडली किनकेड या नावाजलेल्या गायकाबरोबर काम करत होता. रात्री गावोगाव कार्यक्रम करायचे आणि भल्या पहाटे रेडिओवर हजर व्हायचं. झोप अपुरी, त्यामुळे लुईचा आवाज कुरकुरलेला, घोगरा. गंमत म्हणजे, श्रोत्यांची पत्रं यायला लागली. तुमच्याबरोबर ते म्हातारे गृहस्थ गातात त्यांचं वय तरी काय हो? किनकेडना हे फार आवडलं. ते त्याला ‘ग्रँडपा’ म्हणजे ‘आजोबा’ म्हणू लागले. त्यांनी त्याला एक जुनेपाने, पन्नास वर्षांचे कातडी बूट आणून दिले. खोट्या झुपकेदार मिशा चिकटवल्या, चेहऱ्यावर रंगानं सुरकुत्या काढल्या, पँटला गॅलिस लावले आणि झाले की ग्रँडपा जोन्स तयार! मिशांखालचा चेहरा होता अवघ्या बावीस वर्षांचा, अन् पायांतले बूट त्याच्या दुपटीहून थोर!

आता जरा विचार करा. बाविसाव्या वर्षी माणसाला काय वाटतं? आपण रुबाबदार दिसावं, चारजणांनी वळून बघावं. तुमच्यापैकी जे आठवी-नववीत आहेत ते आरशापुढे किती वेळ उभे असतात, ते तुमच्या आईला विचारा! आणि या पठ्ठ्यानं रोज आरशापुढे बसून चेहऱ्यावर सुरकुत्या काढल्या.

हाती बँजो मात्र अजून आला नव्हता. तो आला १९३७च्या सुमारास, वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावी. तिथल्या रेडिओवर ‘कझिन एमी’ नावाची एक तडफदार कलावती होती. त्या काळी रेडिओवर स्वतःच्या बळावर नाव मिळवलेल्या बायका थोड्याच होत्या. तिनं आपल्या या आजोबांना बँजोची नखानं वाजवायची जुनी पद्धत शिकवली. ती त्यांनी जन्मभर सोडली नाही.

दुसऱ्या महायुद्धात जोन्स सैन्यात गेले. जर्मनीत म्युनिक शहरी लष्करी पोलिसात असताना त्यांनी सैनिकांचं एक वाद्यवृंद जमवलं आणि तिथल्या लष्करी रेडिओवरून घरापासून दूर असलेल्या जवानांना घरची गाणी ऐकवली. १९४६ साली परतल्यावर ते नॅशविलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमात दाखल झाले. १९२५ साली सुरू झालेला हा रेडिओ-कार्यक्रम आजही चालू आहे! त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं रमोना रिगिन्स यांच्याशी. त्या स्वतः उत्तम फिडल वाजवायच्या. पुढे कितीतरी वर्षं नवरा-बायकोनं एकत्र कार्यक्रम केले. हातांना अन् पायांना घंटा बांधून दोघं मिळून गाणं वाजवायची, ते बघून लोक हसून हसून बेजार व्हायचे.

पण इथेच एक कसोटीची वेळ होती. जोन्स ऑप्रीत आले त्याच्या काही महिने आधी, १९४५च्या डिसेंबरात, त्याच रंगमंचावर अर्ल स्क्रग्ज नावाचा एक तरुण आला होता. तो तीन बोटांनी बँजो असा वाजवायचा की सूर पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखे तडतडायचे. सगळी तरुण मंडळी त्या नव्या पद्धतीमागे धावली. जुनी पद्धत मागासलेली ठरली. जोन्स आजोबांनी काय केलं? नव्याला नावं ठेवत बसले नाहीत. आपलं जुनं होतं तेच ते मन लावून, पाय उडवत, आरोळ्या ठोकत वाजवत राहिले. पुढे कितीतरी माणसांनी ती जुनी पद्धत पहिल्यांदा ऐकली ती त्यांच्याच हातची.

१९६९ साली अमेरिकन दूरदर्शनवर ‘ही हॉ’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. ‘ही हॉ’ म्हणजे गाढवाचं ओरडणं! खेड्यातले विनोद, खेड्यातली गाणी. त्यातला एक भाग असा. जोन्स आजोबा खिडकीची काच फडक्यानं पुसताहेत. बाकीचे सगळे ओरडतात, “आजोबा, आज जेवायला काय?” की आजोबा त्या खिडकीतून हात आरपार बाहेर काढतात. काच नाहीच मुळी! आणि मग मक्याची भाकरी, घेवड्याची उसळ असला गावठी बेत यमकं जुळवत सांगू लागतात. बेत फक्कड असला की सगळे मिटक्या मारत दाद देतात.

शहरी टीकाकारांनी नाकं मुरडली. प्रेक्षक भरपूर असूनही वाहिनीनं १९७१ साली हा कार्यक्रम बंद केला. त्यांना शहरातला प्रेक्षक हवा होता, खेड्यातला नको होता. पण निर्मात्यांनी हार मानली नाही. गावोगावच्या छोट्या दूरदर्शन केंद्रांना त्यांनी तो कार्यक्रम वेगवेगळा विकला, आणि तो आणखी वीस वर्षं चालला! १९६९ साली दहा वर्षांची असलेली मुलं आता पासष्टीच्या पुढे गेली आहेत. त्यांना ती गाणी तर आठवतातच, पण शनिवारी संध्याकाळी सगळं घर एकत्र बसून “आजोबा, आज जेवायला काय?” असं पडद्याबरोबर ओरडायचं, तेही आठवतं. ज्यांना आजोबा नव्हते त्यांनाही दर आठवड्याला एक आजोबा मिळत होते.

हे सगळं मी माझ्या चौथीच्या वर्गाला सांगितलं, त्यांच्या बँजोची ध्वनिमुद्रणंही ऐकवली. एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, “बाई, पण ही फसवणूक नाही का? तो तर तरुण होता!”

प्रश्न ऐकून मी थांबले. मग मी तिला विचारलं, “फसवणारा माणूस काय करतो गं?” ती म्हणाली, “दुसऱ्याचं काहीतरी घेतो.” मी म्हटलं, “यांनी कुणाचं काय घेतलं?” वर्ग विचारात पडला. शेवटी मागच्या बाकावरून उत्तर आलं, “काही नाही. उलट दिलं.”

मलाही तेच वाटतं. जुनी गाणी तरुण तोंडी लोकांना नवलाची वाटली असती. आजोबांच्या तोंडी ती शोभली. लुईनं त्या गाण्यांना घर मिळावं म्हणून स्वतःचं तरुणपण बाजूला ठेवलं. आणि मग हळूहळू एक नवल झालं. खऱ्या सुरकुत्या आल्या, रंगाची गरज उरली नाही. खऱ्या पांढऱ्या मिशा आल्या, खोट्या गेल्या. १९७८ साली ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला, म्हणजे त्या संगीतातला मोठा मान मिळाला, तेव्हा ते पासष्टीला आलेले खरेखुरे आजोबा होते. १९८४ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थच आहे ‘सगळ्यांचे आजोबा’.

त्यांच्या आयुष्यात सगळं हसूच होतं असं नाही. ‘स्ट्रिंगबीन’ या नावानं गाणारे दुसरे एक विनोदी बँजोवादक त्यांचे शेजारी आणि जिवलग मित्र होते. १९७३च्या नोव्हेंबरात चोरांनी त्यांना आणि त्यांच्या पत्नीला घरापाशीच ठार केलं. दोघे मित्र मिळून शिकारीला जाणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जोन्स मित्राच्या घरी गेले, आणि ते भयंकर दृश्य त्यांनाच पाहावं लागलं. तरीही ते पुन्हा उभे राहिले आणि लोकांना हसवत राहिले. आजोबांच्या हसण्यामागे किती काय काय असतं, ते नातवंडांना पुष्कळदा ठाऊकच नसतं.

जानेवारी १९९८मध्ये ऑप्रीत कार्यक्रम करून झाल्यावर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९ फेब्रुवारी १९९८ रोजी, ८४व्या वर्षी, ते गेले. त्यातली ६० वर्षांहून अधिक काळ ते ‘आजोबा’ होते!

मुलांनो, आता एक मनातलं सांगते. मागे आमच्या शाळेत एका मुलाचे आजोबा त्याचा डबा घेऊन आले. धोतर, डोक्याला मुंडासं, बोलण्यात ‘आवंदा’, ‘हितं’, ‘तितं’. चार पोरं हसली. तो मुलगा पळत गेला आणि म्हणाला, “आबा, तुम्ही आत नका येऊ. फाटकापाशीच थांबत जा.” आबा काही बोलले नाहीत. डबा देऊन परत फिरले. मला त्या मुलाचा राग आला नाही, वाईट मात्र वाटलं. आपल्या माणसांच्या बोलण्याची, कपड्यांची त्याला लाज वाटावी, हे कुणी शिकवलं असेल त्याला?

आणि तिकडे एका बाविशीतल्या मुलानं तेच जुनं बोलणं, तेच जुने बूट आपण होऊन घातले आणि ताठ मानेनं रंगमंचावर उभा राहिला. म्हणून मला हे जोन्स आजोबा तुम्हांला भेटवावेसे वाटले.

आमच्या चौथीनं मग एक खेळ काढला. शनिवारी सगळे ओरडतात, “आजोबा, आज जेवायला काय?” अन् ज्याची पाळी असेल त्यानं यमकात उत्तर द्यायचं. आमच्या एका चिमुकल्या आजोबांचं उत्तर ऐका:

“पिठलं शिजतंय रटारटा,
ताटं मांडा पटापटा!”

तुम्हीही करून बघा. पण त्याआधी घरी एक काम करा. आजी-आजोबांजवळ बसा आणि त्यांना त्यांच्या लहानपणचं एक गाणं म्हणायला सांगा. जात्यावरची ओवी असो, भोंडल्याचं गाणं असो, नाही तर शेतातलं भलरी गीत. वहीत ते जसंच्या तसं उतरवून घ्या, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या उच्चारांत. ‘हितं’ म्हणाले तर ‘हितं’च लिहा, शुद्ध करू नका! खाली लिहा, हे गाणं त्यांनी कुणाकडून ऐकलं आणि तेव्हा त्या किती वर्षांच्या होत्या. आजी-आजोबा दूर असतील तर शेजारच्या आजींना विचारा. त्या नाही म्हणणार नाहीत.

आणि हो, गाणं लिहून झालं की लगेच उठू नका. थोडा वेळ तसेच बसा. पहिलं गाणं संपलं की त्यांना हमखास दुसरं आठवतं.