साक्षीदाराचे जागरण

घोरणे हा गाढ झोपेचा पुरावा मानण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘ढाराढूर झोपला आहे’ असे आपण कौतुकाने म्हणतो, आणि दिवसाही डुलक्या घेणाऱ्याला कुंभकर्ण ठरवून मोकळे होतो. भाषेच्या या निकालात एक गफलत आहे. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घशाची वाट मिटून श्वास पुनःपुन्हा अडणे, हा विकार जडलेला माणूस रात्रभर घोरतो खरा; पण सलग झोप अशी त्याच्या वाट्याला आलेलीच नसते.

झोपेत जिभेचे व टाळूच्या मागील बाजूचे स्नायू सैल पडतात आणि वाट बुजते. छाती ओढ घेत राहते, हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि मोठा फुत्कार होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. किमान दहा सेकंदांचा असा विराम मोजणीत धरतात. तासाला 5 विराम झाले की दखल घ्यावी, 30 म्हणजे तीव्र. सकाळी रुग्णाला यातले काहीही आठवत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने येथे जरा थबकावे: या कथेचा प्रथमपुरुषी निवेदक नेमक्या प्रसंगीच गैरहजर असतो. कथा ठाऊक असते ती शेजारच्या अंथरुणावरच्या माणसाला.

आमच्या घरी ते माणूस म्हणजे आई. मांडवगण फराट्याला, भीमाकाठच्या उसाच्या मुलखात, दिवसा पेंगणारा शेतकरी कुणाला खटकत नाही. मोटारीची वीज रात्री येते, दारं धरायला रात्री जावे लागते, तेव्हा पेंग येणारच. अण्णांच्या पेंगेला हे कारण सोयीचे होते. पण पाण्याची पाळी नसलेल्या आठवड्यांतही ते जेवणाच्या ताटावर मान टाकीत. गळिताच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर तेच चालवीत. आई एवढेच म्हणाली, “मधीच गप व्हत्यात. मी आकडे मोजीत पडते. ईसाच्या पुढं गेलं की हलवते.” पुण्यात झोपेची तपासणी झाली, तेव्हा यंत्राने तासाला 42 विराम नोंदवले. आईने वर्षानुवर्षे केलेली गणना त्या कागदावर कुठेच नव्हती.

आपल्याकडे हा विकार विरळा नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यमवयीन शहरी पुरुषांपैकी 7.5 टक्के लोकांत तो लक्षणांसह आढळला होता. खेड्यातल्या बायकांच्या घोरण्याची तर गोष्टच नको. ते लाजेखाली झाकले जाते. फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी या विकाराचे नाव घेतले आणि काही दिवस ते वर्तमानपत्रांत झळकले. पुढे पुन्हा सामसूम.

उपाय साधा आहे आणि चिवटपणा मागतो. 1980 मध्ये सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे सतत दाबाची हवा देऊन घशाची वाट उघडी ठेवण्याची युक्ती योजली. तेच आजचे सीपॅप. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, रात्रीची दारू टाळणे यांची साथ हवी. तीव्र विकारात मात्र त्यांवरच भिस्त ठेवून चालत नाही. अण्णांना मुखवट्याचा संकोच वाटला, “हे थुतरीला बांधून झोपू?” म्हणून त्यांनी तो चार रात्री उशाला ठेवला. मग वीज जाण्याचा प्रश्न. इन्व्हर्टर घेतला, आणि हवा दमट करणारी गरम पाण्याची टाकी बंद ठेवली की बॅटरी पुष्कळ पुरते हे अनुभवाने कळले. टाकी लावायचीच तर डिस्टिल्ड पाणी हवे. बोअरच्या पाण्याने तिच्यात क्षार धरतात.

आता यंत्राच्या पडद्यावर सकाळी 3 किंवा 4 असा आकडा दिसतो. अण्णा तो नातवाकडून वाचून घेतात. ट्रॅक्टर मात्र डॉक्टरांनी होकार देईपर्यंत धाकट्या भावानेच चालवला, आणि त्यावरून घरात जेवढे वाद झाले तेवढे मुखवट्यावरून झाले नाहीत. आईला अजूनही दोनच्या सुमारास जाग येते. घुरघुर नाही, विराम नाही, नुसता हवेचा बारीक सूं असा आवाज. मोजायला काही नसते, तेव्हा ती उठून गोठ्याकडे चक्कर टाकून येते.