फौजीचं घर, बँकेचं कर्ज

पुतण्या पुढच्या वर्षी फौजेतून निवृत्त होतोय. पाचोडात घर बांधायचं म्हणतो. मोसंबी बाजारात ज्याला विचारावं तो सांगतो, व्याज कमी ती बँक धर. मला एवढ्यानं पटत नाही. जवान चाळिशीच्या आसपासच घरी येतो. पगाराची पेन्शन होते, हप्ता मात्र तेवढाच राहतो. म्हणून आधी पेन्शनवर हप्ता झेपेल का ते पाहावं. मग विचारावं : व्याज रेपो दराशी जोडलंय का? प्रक्रिया शुल्क किती? गावठाणातल्या जागेला नुसता नमुना आठ चालेल का? बदलत्या व्याजाचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, हे रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच ठरवलंय. फौजीबांधवांनो, निवृत्तीचा पैसा हाती येईल तेव्हा हा नियम विसरू नका.