बारा घरे

सुरतेत मराठी माणसाने आपले मूळ सांगितले की गुजराती शेजारी हसून 1664 ची आठवण काढतो. आमच्या तीन पिढ्या या थट्टेत वाढल्या. आजोबा पुणतांब्याहून ताप्ती व्हॅली रेल्वेच्या नोकरीसाठी आले आणि येथलेच झाले. त्यात आम्ही ख्रिस्ती, आणि ख्रिस्त्यांतही मेथॉडिस्ट. त्यामुळे मराठी मंडळात आम्ही 'चर्चवाले' आणि चर्चमध्ये 'मराठीवाले'. या दोन्ही नावांविषयी आमची कधी तक्रार नव्हती. म्हणूनच, महिन्यातून एकदा होणारी मराठी उपासना बंद करावी हे कलम आमच्याच हातून लिहिले गेले, याचे नवल वाटते.

आमच्या मंडळीच्या पुढील दहा वर्षांचा आराखडा करण्यासाठी पाच जणांची समिती नेमली होती. तिच्यात आम्हीही होतो. मराठी उपासनेला आठ-नऊ माणसे येतात, सर्वांना गुजराती समजते, तेव्हा ती गुजराती उपासनेत विलीन करावी, असा आमचा साधा हिशेब. मंडळीचे मत घ्यावयाचे म्हणून प्रश्नावली छापली, गुजरातीत आणि इंग्रजीत. मराठीत छापण्याचे कोणाच्या मनात आले नाही. छपाईचे काम पाहणाऱ्या आमच्याही नाही. कागद दाराशी ठेवले होते. परत आले ते मोजके, आणि बहुतेकांवर सर्व रकान्यांत एकच खूण, जणू परीक्षेत उत्तीर्ण व्हावयाचे होते.

पाळकसाहेबांनी तो गठ्ठा पाहिला आणि ब्रिस्टलची हकीकत काढली. मेथॉडिस्टांना ती ठाऊक असते. आमच्या इतर वाचकांसाठी सांगतो. 1742 साली जॉन वेस्लींच्या तेथील सभागृहावर कर्ज होते. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचविले की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. सर्वांना ती परवडणार नाही, असे कोणी म्हणताच तो म्हणाला की गरिबांतले अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमले नाही तर त्यांचे मी भरीन. असे बारा-बारांचे गट झाले. पेनी मागावयास जाणाऱ्याला घरात कोण आजारी आहे, कोण पुन्हा दारूकडे वळला आहे, हे दिसू लागले. वसुलीसाठी घातलेली फेरी माणसे ऐकण्याची फेरी झाली, आणि 'क्लास' या नावाने मेथॉडिस्ट पंथाचा कणा ठरली. "तुम्हीही बारा-बारा घरे घ्या," पाळकसाहेब म्हणाले, "आणि कागद नेऊ नका." आम्ही तरीही एक वही नेली. सवय जात नाही.

पहिले घर नानपुऱ्यातील एका वृद्ध मावशींचे. आमच्या आधी त्यांनीच विचारले, "2006 च्या पुरात आम्ही तीन दिवस गच्चीवर होतो. तेव्हा तुमच्यापैकी कोण आले?" त्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी निम्म्याहून अधिक शहरात शिरले होते. आमचे घर कोरडे राहिले होते. आम्ही गेलो नव्हतो. आराखड्याचा विषय त्या घरी निघालाच नाही. चहा मात्र दोनदा झाला. निघताना दारात त्या म्हणाल्या, "गुजराती मला चांगली येते हो. भाजीवाल्याशी तीच बोलते. पण रात्री झोप येईनाशी झाली की प्रार्थना मराठीतच होते."

तिसऱ्या घरातील महाविद्यालयीन मुलाने आमचा हिशेब दुसऱ्या बाजूने उलटविला. त्याला मराठी गीते आवडतात, चालीही पाठ आहेत, परंतु देवनागरी वाचताना तो अडखळतो. "उपासना-संगीतातली निवडक गीते गुजराती लिपीत छापा ना, काका!" स्वदेशी लिपीचा आमचा अभिमान क्षणभर दुखावला. मग आठवले की या शहरात 1815 मध्ये आलेल्या मिशनऱ्यांनी बायबल गुजरातीत उतरवले आणि येथेच छापले, ते लोकांना वाचता यावे एवढ्याचसाठी.

मधल्या घरांविषयी लिहिण्यासारखे फार नाही. कोणाला पायऱ्यांना कठडा हवा होता, कोणाला उपदेश आखूड हवा होता. नवव्या घरी वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ 1970 विषयी बोलू लागले. 1929 पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर त्या वर्षी 29 नोव्हेंबरला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले; त्यात सामील होणार असे वाटत असलेले आपले मेथॉडिस्ट चर्च ऑगस्टमध्येच बाहेर राहिले आणि 1981 मध्ये स्वायत्त झाले. "तुझ्या वडिलांचे मत काय होते?" त्यांनी विचारले. आम्हांला सांगता आले नाही. वडील त्यानंतर कितीतरी वर्षे आमच्याबरोबर एकाच ताटाला बसले. आम्ही कधी विचारले नाही.

बारावे घर लिंबायतला. सभासद गावी गेले होते. दार उघडले ते त्यांच्या माळ्यावर भाड्याने राहणाऱ्या तरुणाने. नंदुरबारकडचा, यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा. आम्ही 'सलाम' म्हणताच त्याने चटई अंथरली. बाप्तिस्मा गावाकडचा, सभासदत्वाचा दाखलाही तिकडेच. त्यामुळे आमच्या यादीत तो नाही आणि प्रश्नावलीही त्याच्यापर्यंत गेली नव्हती. चर्च ठाऊक होते का? होते. एकदा सकाळी नऊच्या उपासनेला येऊनही गेला होता. रात्रपाळी करून आलेला, मागच्या बाकावर त्याला झोप लागली आणि कोणीतरी हलवून उठविले. "तुमची मराठी पुस्तकातली," तो हसून म्हणाला, "पण समजते. संध्याकाळी ठेवाल का? आमच्या गल्लीत आणखी चार घरे आहेत."

वहीत आम्ही मराठी उपासनेपुढे 'आठ-नऊ' असा आकडा लिहिला होता. तो खोटा नव्हता. सकाळी नवाला येऊ शकणाऱ्यांचा होता, एवढेच.

समितीत आम्ही आमचे कलम मागे घेण्याची विनंती केली. वाद झाला. विजेचा खर्च, कुलूप कोणी लावावयाचे, लिपी बदलली तर मराठीपण काय उरले, यांवर एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांला बरेच सुनावले, आणि लिपीच्या मुद्द्यावर त्यांचे म्हणणे आम्हांला आजही अर्धे पटते. अखेर सहा महिने मराठी उपासना रविवारी संध्याकाळी घेऊन पाहण्याचे ठरले.

पहिल्या रविवारी अकरा माणसे आली. नानपुऱ्याच्या मावशी रिक्षाने आल्या. मुलाने गुजराती लिपीतले चार कागद स्वतःच छापून आणले होते. लिंबायतचा तरुण आला नाही. मंगळवारी आम्ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा कळले की त्याची पाळी बदलली आहे. या वेळी आम्ही वही नेली नव्हती.