मगभर पाणी आणि चंदनाचा फेस

मूठभर दाढी राखणाऱ्या माणसाने दाढीच्या साबणाची तारीफ करावी, याचे काहींना हसू येईल. आमच्या शाळेतल्या सहकाऱ्यांना ते येतेच. पण दाढी राखली म्हणून रेझर सुटत नाही. गालावरचे, गळ्यावरचे केस काढून खत नीट ठेवावे लागते, मिशी कातरावी लागते. बहुतेक मंडळी त्यासाठी जुम्याआधी सलूनमध्ये नंबर लावतात. आम्ही मात्र रोज फज्रनंतर हे काम घरीच उरकतो. सामान थोडेच: वाटी, ब्रश, ब्लेड घालायचा जुना रेझर आणि चंदनाच्या वासाचा गोल साबण.

खरे सांगायचे तर यात केस निघण्यापेक्षा वासाचाच आनंद जास्त. ओला ब्रश साबणावर फिरू लागला की आधी वास हलकासा येतो. फेस दाट होत जातो तसा तो खुलतो. घरात तेव्हा सामसूम असते. पुढे दिवसभर खडूची धूळ आणि पोरांचा गलका आहेच. त्याआधीची ही दहा मिनिटे तेवढी आमची.

आमचा नांदगाव तालुका अवर्षणाचा. याच तालुक्यातल्या मनमाडला वागदर्डी धरण आटत आले की नळाला पाणी किती दिवसांनी येणार, हाच घरोघरी विषय असतो. अशा मुलखात नळ सोडून दाढी करणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. ब्रश-साबणाला एक मग पाणी पुरते. मात्र फेसासाठी बोअरचे पाणी कामाचे नाही. ते बहुधा दुष्फेन असते. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून साका धरतात आणि फेस बसतो. म्हणून पिण्याच्या पाण्यातले अर्धा कप फेसासाठी, आणि बोअरचे रेझर धुण्यासाठी, अशी आमची वाटणी आहे. नबी करीम (स.) एक मुद्द, म्हणजे साधारण ओंजळभर पाण्यात वजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. ते आठवले की मगातले उरलेले पाणीही फेकवत नाही. ते कुंडीतल्या मोगऱ्याला जाते.

साबण निवडताना आम्ही वेष्टन वाचतो. साबणात चरबी कोणाची, हा प्रश्न आपल्या घरांत नेहमीच असतो. ‘सोडियम टॅलोएट’ लिहिले असेल तर ती जनावराची चरबी, ‘सोडियम पामेट’ असेल तर पामतेल. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल लागते. त्यानेच फेस दाट होतो आणि लवकर सुकत नाही. ते चरबीतूनही निघते आणि वनस्पती तेलातूनही, म्हणून शंका असेल तिथे हिरवा ठिपका पाहावा. चरबीशिवाय साबण बनवण्याची खटपट आपल्या मुंबईत फार आधी झाली आहे. अर्देशीर गोदरेज यांनी 1919 च्या सुमारास वनस्पती तेलाचा ‘चावी’ साबण बाजारात आणला होता. दाढीनंतरच्या लोशनात अल्कोहोल असते. त्यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. आम्ही त्या वादात न पडता तुरटीचा खडा फिरवतो आणि जुम्याला कानामागे थोडे अत्तर लावतो. खुशबू हुजूर (स.) यांना प्रिय होती. एक गोल साबण आम्हाला तीन-चार महिने जातो, त्यामुळे याला इस्राफ म्हणता येईल असे वाटत नाही.

आता वास चंदनाचाच का, तर तो अब्बांचा. अब्बा रेल्वेत होते. त्यांच्या वेळी आमच्या घरात दाढीसाठी वेगळा साबण नव्हता. अंगाला लावायच्या म्हैसूर सँडलची उरलेली चीप वाटीच्या तळाशी दाबून ते तिच्यावर ब्रश घासत. पहिल्या महायुद्धात म्हैसूर संस्थानचे चंदन युरोपात जाईना, तेव्हा त्याचे तेल तिथेच काढू लागले. त्यातून 1916 मध्ये बंगळूरला सरकारी साबण कारखाना निघाला, तोच हा साबण. अब्बांना त्याचा इतिहास ठाऊक नव्हता, पण वास लांबून ओळखत.

शेवटच्या दोन वर्षांत अर्धांगाने अब्बांचा उजवा हात गेला, मग बोलणेही गेले. खत आम्हीच काढू लागलो. कोणी रेझर जवळ आणला की ते मान फिरवत. पण चंदनाचा फेस नाकाशी आला की आपणहून हनुवटी वर करत, डोळे मिटून घेत. त्या घरात बाप-लेकाचे बोलणे म्हणावे तर उरले होते ते एवढेच.

त्यांचा इंतकाल झाला तेव्हा गुस्लच्या पाण्यात बोरीची पाने होती आणि शेवटच्या पाण्यात कापूर. तो वास आमच्या हातांना बराच वेळ होता. माणसाला स्वच्छ करून, सुगंध लावून निरोप द्यावा, हा आपल्या दीनचा अदब आहे. पण त्या दिवशी आपले हात चालत नसतात. दुसऱ्यांनी करायचे असते. हात चालतात तोवर रोज सकाळी स्वतःसाठी, आणि ज्यांचे चालत नाहीत त्यांच्यासाठी, तेवढे करणे हा आम्हाला शुक्राचाच एक प्रकार वाटतो.

आमच्या साहेबजाद्यांना यंदा मिसरूड फुटले आहे. त्यांना डब्यातून फुसकन निघणारा फेस हवा होता. आम्ही ब्रश दिला आणि फेस कसा करायचा ते एकदा दाखवले. साबण मात्र त्यांनी लिंबाच्या वासाचा आणला. आणू द्यावा.

ज्यांच्या घरी थकलेले वडील आहेत, त्यांनी येत्या जुम्याला सलूनवाल्याची वाट न पाहता वाटी-ब्रश घेऊन त्यांच्यासमोर बसावे. पाणी कोमट असावे, ब्लेड नवे असावे, घाई करू नये. साबण त्यांच्या आवडीच्या वासाचा घ्यावा, आपल्या नव्हे.